गाळलेला हिशेब

प्रवासवर्णनाची परीक्षा बहुधा छापील पुस्तकावरून होते. आम्ही मात्र आज ज्या प्रवासवर्णनाविषयी लिहिणार आहोत त्याची उत्तम अशी चौदा पाने छापलीच गेली नाहीत, आणि ती छापली जाऊ नयेत असा सल्ला देणाऱ्यांत आम्हीच पुढे होतो. ही कबुली आरंभीच दिलेली बरी. कारण पुढे जो दोष दाखवावयाचा आहे त्याचा पहिला वाटा आमचा आहे.

येथे राइट टाऊनमध्ये एका स्नेह्यांच्या घरी महिन्यातून एकदा दहाबारा मराठी मंडळी जमतात. कोणी रेल्वेतले, कोणी आयुधनिर्माणीतले, कोणी लेखा-कार्यालयातले. बहुतेक सारे बदलीने आलेले आणि बदलीने जाणारे. चहा होतो, कोणी काही वाचतो, उरलेले त्यावर बोलतात. २०२० च्या फेब्रुवारीत, सर्व गाठीभेटी बंद होण्याच्या थोडेच आधी, आमच्यासारख्याच एका लिपिक-बंधूंनी आपले नेपाळचे प्रवासवर्णन वाचले. आदल्या ऑक्टोबरात ते पत्नी, अकरा वर्षांचा मुलगा आणि सत्तरीतील आई यांच्यासह काशी एक्सप्रेसच्या शयनयान डब्याने गोरखपूर, तेथून बसने सुनौली आणि सीमा ओलांडून लुंबिनी व काठमांडू असा प्रवास अगदी मोजक्या पैशांत करून आले होते. लेखन चाळीस पानांचे होते आणि त्यांतील पहिल्या चौदा पानांत गृहस्थ अजून सीमेच्या अलीकडेच होते. आम्ही ऐकून म्हणालो, ‘लुंबिनीपासून आरंभ करा. हे सारे कागदपत्रांचे आणि पैशांचे पुराण वाचकाला काय करावयाचे आहे?’ सर्वांनी माना डोलावल्या. लेखकानेही मान्य केले. उरलेली सव्वीस पाने पुढे एका दिवाळी अंकात आली. ती आमच्या बैठकीतल्या कोणाच्याही आज स्मरणात नाहीत. लेखकाने त्यानंतर काही लिहिले नाही.

गाळलेली पाने त्यांनी आमच्याच हवाली केली होती. गेल्या महिन्यात टेबलाचा खण आवरताना ती पुन्हा हाती आली आणि एका बैठकीत वाचून झाली. त्यांत काय आहे ते थोडक्यात सांगतो.

प्रथम परवानगी. सरकारी नोकराला खाजगी कारणाने परदेशी जावयाचे तर आधी कार्यालयाची अनुमती हवी, आणि भारतीयाला व्हिसा लागत नसला तरी नेपाळ हा परदेशच होय. २०१५ च्या जुलैतील आदेशाप्रमाणे अर्ज पोचल्यापासून एकवीस दिवसांत उत्तर न आल्यास अनुमती मिळाली असे समजण्याची मुभा आहे. आमच्या लेखकाने हे एकवीस दिवस कसे काढले याचे वर्णन दोन पानांत आहे. उत्तर यावे अशीही भीती, न यावे अशीही भीती. बाविसाव्या दिवशी ते कार्यालयात जातात तेव्हा आपण आता मुक्त आहोत हे कोणाला सांगावे हेच त्यांना कळत नाही. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या अर्जांवर टिपणे लिहिली त्याच्या स्वतःच्या अर्जावर कोणी काहीच लिहिले नाही, याचे त्यांना हलकेसे दुःख झालेले दिसते.

मग ओळखीची कागदपत्रे. स्वतःचे मतदार-ओळखपत्र जबलपूरचे. पत्नीचे अद्याप माहेरच्या नावाचे, माहेरच्या मतदारसंघातले. तेव्हा नाते सिद्ध करावयास विवाहाचा दाखला. आईला पासष्टीच्या वरची सवलत म्हणून केंद्रीय आरोग्य योजनेचे कार्ड. मुलासाठी शाळेचे छायाचित्रासह पत्र. हा सगळा संसार एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्नीने ती पिशवी रात्रभर उशाखाली ठेवली. पैशांचीही तीच गत. २०१८ च्या डिसेंबरात नेपाळने शंभराहून मोठ्या भारतीय नोटांना मनाई केली होती. म्हणून लेखक बँकेत जाऊन शंभराच्या नोटा घेतात आणि त्या चौघांच्या अंगावर वाटून ठेवतात. आईच्या कनवटीला किती, मुलाच्या दप्तरात किती, याचा हिशेब पानाच्या समासात लिहिलेला आहे.

आणि शेवटी सुनौलीचे फाटक. चौघे पिशवी पुढे धरून चालू लागतात आणि कोणी थांबवतच नाही. १९५० च्या जुलैअखेर झालेल्या तहाने दोन्ही देशांच्या नागरिकांना जी ये-जा करण्याची मोकळीक दिली ती अशी प्रत्यक्षात येते: सायकली, टांगे, भाजीच्या पाट्या, शाळेची मुले यांच्या लोंढ्यात मंडळी पलीकडे पोचतात. आई विचारते, ‘परदेश केव्हा लागणार?’ लेखक एका शिपायाला स्वतः होऊन कार्ड दाखवावयास जातात. तो हाताने पुढे जाण्याची खूण करतो. दीड महिन्याच्या तयारीला शिक्का मिळत नाही.

याच ठिकाणी, नेपाळच्या कचेरीच्या दाराशी, त्यांना एक गोरा तरुण भेटतो. तो वाराणसीस तबला शिकत होता. पर्यटक-व्हिसावर भारतात एका वेळी किती दिवस राहता येते यास मर्यादा असते, बहुधा ९० वा १८० दिवसांची. ती भरत आली की असे लोक स्वस्तात स्वस्त वाटेने शेजारच्या देशात पाऊल टाकतात आणि दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. थायलंडात राहणारे याच कारणासाठी कंबोडियाच्या सीमेवर जात असत. आपल्याकडे २००९ च्या अखेरीस दोन भेटींत दोन महिन्यांचे अंतर हवे असा नियम झाला होता, तो २०१२ च्या अखेरीस बहुतेक देशांपुरता उठला. तेव्हा हा तरुण नियमाबाहेर काही करीत नव्हता. पण पंधरा दिवसांच्या नेपाळी व्हिसाचे ३० डॉलर त्याने मोजेतल्या खिशातून काढले आणि त्यानंतर त्याच्याजवळ चहापुरतेही सुटे उरले नाहीत. आमच्या लेखकांच्या आईने त्याला चिवडा दिला. ज्याच्याजवळ सगळे कागद होते त्याला कोणी विचारले नाही, आणि ज्याला विचारले त्याचे दिवस मोजलेले होते. हे दोघे एका बाकावर बसून चिवडा खातात. हा प्रसंग आम्ही काटला! कोणत्या वाङ्मयदृष्टीने काटला, हे आज सांगता येत नाही.

तरी त्या दृष्टीचा शोध घेणे अवश्य आहे, कारण ती आमची एकट्याची नव्हे. काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ १९४० साली आले. नंतरच्या वीसपंचवीस वर्षांत गाडगीळ, पु. ल. देशपांडे यांनी मराठी प्रवासवर्णनाला जे वळण लावले त्यावर आमची अभिरुची पोसली. माणूस तेथे पोचला की लेखन सुरू व्हावयाचे. ‘अपूर्वाई’त निघण्यापूर्वीची धांदल आहे, पण ती विनोदासाठी. विलायतेस निघालेला माणूस आणि सुनौलीस निघालेला माणूस यांच्या धांदलीत फरक आहे. दुसऱ्याला गोरखपूरच्या स्थानकावर रात्र काढावयाची की खोली घ्यावयाची हा प्रश्न हसण्याचा नसतो.

मराठीत दारिद्र्याचा प्रवास नाही असे मात्र कोणी म्हणू नये. येथे नर्मदाकाठी राहून गो. नी. दांडेकरांना कसे विसरावे? ‘नर्मदेच्या तटाकी’ आणि ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ या पुस्तकांतील परिक्रमावासी निष्कांचन आहे. सदावर्तावर व भिक्षेवर त्याची वाट चालते. आजही ग्वारीघाटावर पांढऱ्या वस्त्रांतले परिक्रमावासी दिसले की आमच्यासारखा कारकूनही हात जोडतो. परिव्राजकाची उपासमार आपल्याला पवित्र वाटते, पाहुण्याची सुबत्ता रम्य वाटते. मधला जो गृहस्थ, जो भिक्षाही मागत नाही आणि ज्याला कोणी बोलावलेलेही नाही, जो पत्नीमुलांसह स्वतःच्या पगारातून काटकसरीने निघतो, त्याची काटकसर तेवढी आपल्याला क्षुद्र वाटते. त्याग वाङ्मयात चालतो, हिशेब चालत नाही.

आणि तरीही या प्रकारातला आमच्या मते सर्वश्रेष्ठ मराठी ग्रंथ हिशेबापासूनच सुरू होतो. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये घर सोडतात ते देशदर्शनासाठी नव्हे. घरावर कर्ज आहे आणि बायजाबाई शिंदे यज्ञ करणार, मोठी दक्षिणा मिळेल, अशी वार्ता आहे. पुढे ते बंडात सापडतात, झाशीचा वेढा आतून पाहतात, मिळविलेले लुटले जाते. ‘माझा प्रवास’ वाचताना झाशीच्या राणीइतकाच आपल्या मनाला तो कर्जबाजारी भिक्षुक चटका लावून जातो, कारण प्रत्येक मुक्कामावर आपल्या गाठीस काय उरले हे त्याला ठाऊक असते. या ग्रंथाचे नशीबही पाहण्यासारखे आहे. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये तो प्रसिद्ध केला तो फेरफार करून. मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांच्या संपादनाने १९६६ मध्ये वाचकांपुढे आली. वैद्यांपुढे परकीय राजवटीचे भय तरी होते. राइट टाऊनच्या चहाच्या बैठकीत आम्हांस कोणाचे भय होते?

यावर कोणी म्हणेल, मग वेळापत्रक आणि भाडेपत्रक हेही वाङ्मय समजावयाचे काय? नव्हे. चौदा पानांतील तीन पाने खरोखरच गाळण्यासारखी आहेत. भैरहवा ते काठमांडू या वाटेवरील खाणावळींचे दर त्यांत ओळीने मांडले आहेत आणि त्यांत माणूस नाही. भारतीय शंभराचे नेपाळी एकशे साठ, हा १९९३ पासूनचा दरही एकदा सांगितला की पुरे. पण चहावाल्याला भारतीय दहाची नोट दिल्यावर हाती आलेली नेपाळी नाणी मुलगा पुन्हा पुन्हा मोजतो आणि आपण श्रीमंत झालो असे आईला सांगतो, हे भाडेपत्रक नव्हे. निवड करावयास हवी होती. आम्ही कात्री चालविली.

छापील सव्वीस पानांचा आरंभ लुंबिनीच्या शांततेने होतो. मायादेवीचे मंदिर, पुष्करिणी, पिंपळ, पताका, अंतर्मुख झालेले मन. लुंबिनीस गेलेला कोणीही लिहील ते. अशोकस्तंभाचा उल्लेख एका वाक्यात येतो आणि जातो. हस्तलिखितात या स्तंभाविषयी एक परिच्छेद होता. तो चौदा पानांतला नसूनही पैशांचा म्हणून आम्ही काटला. अशोकाने राज्याभिषेकानंतर विसाव्या वर्षी येथे येऊन हा स्तंभ उभारला, आणि त्यावरील लेखात बुद्धाच्या जन्मस्थानाचा निर्देश केल्यावर सम्राट सांगतो काय, तर लुंबिनी गावाला ‘बली’ हा कर माफ केला असून उत्पन्नाचा आठवा भाग तेवढा घ्यावा. आमच्या लेखकाने लिहिले होते की हे वाचून आपली समासातील आकडेमोड आपल्याला लाजिरवाणी वाटेनाशी झाली. तेवढ्या परिच्छेदावर आम्ही तांबड्या शाईने ‘अप्रस्तुत’ असा शेरा मारलेला आहे. अक्षर आमचेच आहे.

लेखकाची बदली आता पूर्वेकडे झाली आहे. पाने परत पाठवितो आहोत, संपूर्ण लेखन पुन्हा एकत्र करावे, असे आम्ही त्यांस कळविले. आठ दिवसांनी उत्तर आले. एकत्र करण्याविषयी त्यांत काही नाही. समासातील हिशेबात गोरखपूरच्या परतीच्या मुक्कामावर अकरा रुपयांची चूक राहिली होती ती तशीच आहे का, आणि असल्यास पाने पाठविण्यापूर्वी आम्ही ती दुरुस्त करू नये, एवढेच लिहिले आहे.