आडनाव न विचारणारा यजमान

इंग्रजी वाङ्मयाशी ज्यांचा परिचय आहे, त्यांस पानगृहाचा मालक हे पात्र नवे नाही. चौदाव्या शतकात चॉसरने आपले यात्रेकरू साउथवर्कच्या ‘टॅबर्ड’ नावाच्या सराईतून कँटरबरीस रवाना केले, तेव्हा वाटेत गोष्टी सांगण्याची पैज लावण्याची कल्पना त्याने सराईचा मालक हॅरी बेली याच्याच तोंडी घातली. शेक्सपियरच्या फॉल्स्टाफचा दरबार भरतो तोही क्विकलीबाईच्या गुत्त्यात. १९४६ साली जॉर्ज ऑर्वेलने एका वर्तमानपत्रात आपल्या मनाजोगत्या पानगृहाचे गुण एकामागून एक वर्णिले आणि अखेरीस असे पानगृह कोठेही अस्तित्वात नसल्याचे सांगून टाकले. जुनी पानगृहे व त्यांचे यजमान यांच्या आठवणी हा इंग्रजी निबंधाचा एक मान्य प्रकारच होऊन बसला आहे.

आमच्या मुंबईत या जागी कोण आहे, असे विचारल्यास उत्तर एकच येईल: इराणी. दारूचे दुकान आमच्या मध्यम वर्गाने कधीच आपले मानले नाही. त्यात १९४९ च्या दारूबंदीच्या कायद्याने उरलासुरला मार्गही बंद केला. तेव्हा चार अनोळखी माणसांनी एका छपराखाली निर्हेतुकपणे बसण्याची जी सोय विलायतेत बिअरच्या पेल्याने केली, ती आमच्याकडे चहाच्या कपाने केली. पुढे यांतील काही दुकानांनी बिअरचे परवाने घेतले, हा भाग निराळा. अलीकडे या इराण्याच्या हॉटेलाविषयी पुष्कळ लिहिले जात आहे. नियतकालिकांचे दिवाळी अंक, रविवारच्या पुरवण्या, चित्रांची जाड पुस्तके, सर्वत्र त्याच्या आठवणी निघतात. या लेखनाचा थोडा परामर्श घ्यावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

या आठवणींचा साचा आता ठरून गेला आहे. प्रथम संगमरवरी पाटाची टेबले येतात, मग वाकविलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, मग भिंतीवरचे आरसे. त्यानंतर ब्रून-मस्का, मावा केक, खारी आणि ‘पानी कम’ चहा. मध्येच ‘हे करू नये, ते करू नये’ असे बजावणारी सूचनांची पाटी. आणि शेवटी गल्ल्यावर बसलेला, तोंडाने फटकळ परंतु मनाने प्रेमळ असा म्हातारा शेठ. एक दीर्घ सुस्कारा टाकला की लेख पुरा झाला. यांतील एकही तपशील खोटा नाही. परंतु वस्तूंची यादी म्हणजे वस्तूचे मर्म नव्हे. त्या चहाहून सरस चहा पुष्कळांच्या घरी होत असे, आणि त्या खुर्च्या बसावयास फारशा सुखकर होत्या, असेही कोणी म्हणणार नाही. मग दोन पिढ्यांना त्या जागेचा इतका लळा का लागला? या प्रश्नाला आमचे आठवणीकार सहसा हात घालीत नाहीत.

माझे उत्तर असे आहे की, गल्ल्यावरचा इराणी आपल्याला आडनाव विचारीत नसे. हे उत्तर प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटेल. परंतु मराठी माणसाच्या व्यवहारात ‘आपले आडनाव काय?’ आणि ‘मूळ गाव कोणते?’ हे दोन प्रश्न कोणत्या हेतूने विचारले जातात, हे वाचकांस सांगावयास नको. त्यांच्या उत्तरावरून समोरच्या माणसाला कोठे बसवावे, पाणी कशातून द्यावे, आणि द्यावे की नाही, हे ठरत असे.

अन्नोदकाचा हा प्रश्न किती जिव्हाळ्याचा होता हे पाहण्यासाठी फार मागे जावे लागत नाही. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये पुढे आलेल्या चहा-बिस्किटांवरून न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक यांच्यासारख्या मंडळींवर ग्रामण्य झाले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताचा वाद पुढे दीर्घकाळ गाजला. एका कपाची ही कथा! त्यानंतर जेमतेम चौदा वर्षांनी, म्हणजे १९०४ साली, धोबी तलावाजवळ ‘कयानी’ सुरू झाले; १९१४ साली ग्रँट रोड स्टेशनासमोर ‘मेरवान’, १९२३ साली बॅलार्ड इस्टेटीत ‘ब्रिटानिया’. ज्या समाजात चहाच्या घोटावरून बहिष्कार पडत, त्याच समाजातील कारकून पंधरावीस वर्षांत सकाळच्या गाडीआधी इराण्याकडे चहा घेऊ लागला. त्याबद्दल कोणी परिषद भरविली नाही, ठराव केला नाही, की प्रायश्चित्त मागितले नाही. सुधारणेच्या इतिहासात या घटनेची नोंद झाली नाही, कारण ती कोणी सुधारणा म्हणून केलीच नव्हती.

ती केली एका परक्याने, आपल्या पोटासाठी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभी यझ्द आणि केरमान या प्रांतांतून, दारिद्र्य व धार्मिक जाच यांना कंटाळून, ही मंडळी मुंबईस आली. बहुतेक जरथुष्ट्री होती, काही मुसलमानही होती. कोपऱ्यावरची जागा अशुभ म्हणून हिंदू दुकानदार टाळीत व ती इराण्यांना मिळे, असे सांगतात. ते कसेही असो. कोपऱ्याचे दुकान दोन रस्त्यांना तोंड देते, त्यास उजेड-वारा भरपूर मिळतो, आणि आतला माणूस बाहेरच्यास व बाहेरचा आतल्यास दिसतो. तेथे लपून बसणे शक्य नव्हते. म्हणूनच तेथे बसण्यात चोरटेपणाही उरला नाही. पुन्हा, हिशेबाची तऱ्हा पाहा. गिऱ्हाईक उठले की वेटर गल्ल्याकडे ओरडून आकडा सांगे, आणि गिऱ्हाईकाची ओळख पटवावयाची ती ‘चष्मेवाला’ किंवा ‘काली टोपी’ एवढ्याच खुणेने. माणसाचे नाव त्या व्यवहारात कोठेच लागत नसे.

यावर कोणी म्हणेल की, हा तर इराण्यांच्या किंवा पारशांच्या स्वभावाचा गुण. तसे मानण्यास मी तयार नाही. आणि माझ्यापाशी पुरावा आहे तो थोर माणसाच्या लेखणीचा. १९१७ साली बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यास गेलेल्या आंबेडकरांना हिंदूंच्या हॉटेलात जागा मिळणार नाही हे माहीत होते, म्हणून ते एका पारशी सराईत उतरले. सराई केवळ पारशांसाठी होती आणि नोंदवहीत नाव लिहिणे भाग होते. रखवालदाराच्या संमतीने पारशी नाव लिहिले गेले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दारात उभे राहिले, आणि परदेशी विद्यापीठातून नुकत्याच परतलेल्या या विद्वानाला सायंकाळपर्यंत जागा सोडावी लागली. ही हकिगत त्यांनी पुढे आपल्या इंग्रजी आठवणींत लिहून ठेविली आहे. आमच्या इराणी-स्मरणांच्या शेजारी ती ठेवून वाचावी, असे मी सुचवीन. धर्म एकच, नगदी व्यवहारही एकच. फरक होता तो नोंदवहीचा. जेथे नाव विचारले गेले तेथे काठ्या निघाल्या; जेथे विचारले गेले नाही तेथे चहा मिळाला. तात्पर्य, इराण्याचे औदार्य हा त्याच्या रक्ताचा गुण नसून त्याच्या धंद्याच्या रीतीचा गुण होता. रीतीचा गुण म्हटल्याने तो कमी ठरत नाही. उलट स्वभाव शिकता येत नाही, रीत शिकता येते.

हे मर्म आमच्या गद्य आठवणीकारांपेक्षा कवींना अधिक उमगले. निस्सिम इझिकेल यांनी धोबी तलावच्या ‘बस्तानी’तील पाटीवरून इंग्रजीत एक कविता रचली. वरवर पाहता ती निव्वळ निषेधांची माळ आहे, आणि पुष्कळ वाचक ती हसण्यावारी नेतात. परंतु अखेरीस सर्व जातींच्या माणसांस दार उघडे असल्याची ग्वाही येते, आणि मागचे सारे निषेध एकाएकी निराळ्या प्रकाशात दिसू लागतात. नियम वागण्याविषयी आहेत, जन्माविषयी एकही नाही! जो कोणी या नियमांनी वागेल तो आत. यापरती नागरिकत्वाची सोपी व्याख्या मला ठाऊक नाही. अरुण कोलटकरांनी मराठीत व इंग्रजीतही इराण्यावर कविता लिहिली. तीत इराणच्या शहाचे चित्र आहे, काचेच्या कपाटात नासत चाललेला केक आहे, परंतु सुस्कारा नाही. त्या जागेत मायेची ऊब नव्हती, केवळ एक थंड, स्थिर दृष्टी होती, हे त्यांनी ओळखले. आमचे आठवणीकार या थंड दृष्टीला ओढूनताणून प्रेमळ आजोबा बनवितात. आजोबा लाडके असतात, पण ते आपल्याच नातवंडांचे असतात. इराणी कोणाचाच नव्हता, म्हणून तो सर्वांचा होऊ शकला.

या स्मरणपरंपरेत दोन उणिवा आणखी आहेत. पहिली स्त्रियांची. आठवणी लिहिणारे बहुधा पुरुष, कारण तासन्‌तास बसणारेही पुरुषच. बायकांसाठी कडेला लाकडी आडोशाची ‘फॅमिली रूम’ असे. आडनाव न विचारणाऱ्या त्या घराने स्त्रीला मात्र आडोशाशिवाय बसविले नाही. त्या आडोशाच्या आतून मुंबई कशी दिसत होती, हे कोणीतरी लिहावयास हवे.

दुसरी उणीव आम्हा उपनगरवासीयांची. सर्व आठवणी फोर्ट, धोबी तलाव आणि ग्रँट रोड येथेच घोटाळतात. जणू वांद्र्याच्या पलीकडे कोणी चहा पीतच नव्हते. वस्तुतः इराण्याची खरी कसोटी उपनगरांत होती. १९२८ साली बोरीवलीपर्यंत विजेची गाडी आली, आणि १९५० व १९५७ साली टप्प्याटप्प्याने ही गावे बृहन्मुंबईत सामील झाली. या अवधीत अंधेरीस, घाटकोपरास, मुलुंडास जी वस्ती झाली ती कोकणातली, देशावरची, गुजराथेतली, फाळणीनंतर सिंधमधलीही. आपापल्या सोसायट्यांत आणि चाळींत ती बहुधा आपापल्या ज्ञातीची सोबत शोधीत राहिली. ज्ञातीचा विचार न करता ती एकत्र येई ती दोनच ठिकाणी: गाडीच्या डब्यात आणि स्टेशनाबाहेरच्या इराण्याकडे. मी विद्यार्थी असताना अंधेरी स्टेशनाजवळ असाच एक इराणी होता. शेजारच्या टेबलावर फळवाला, बँकेतला अधिकारी आणि रात्रपाळीचा गिरणी कामगार वर्तमानपत्राची सुटी पाने वाटून घेत. अग्रलेख कोणाकडे जाईल हे केवळ कोण आधी आला यावर ठरे. चार वर्षांत शेठने माझे नाव विचारले नाही. त्या वयात ते मला तुटकपणाचे वाटे. आज तो शिष्टाचाराचा अत्युच्च प्रकार वाटतो.

ही दुकाने का मिटली, याचेही उत्तर आमचे लेखक ‘काळाची गती’ या दोन शब्दांत देतात. कारणे त्याहून व्यावहारिक आहेत. वारस पुष्कळ आणि भागीदारी गुंतागुंतीची. मुले शिकून परदेशी गेली. उडप्याने त्याच पैशात इडली आणि त्वरा दिली. मुख्य म्हणजे, एका चहावर तासभर बसणारे गिऱ्हाईक जागेच्या वाढत्या किमतीला परवडेना. जो कोपरा एकेकाळी कोणास नको होता, तोच पुढे सर्वांत मोलाचा ठरला; तेथे आता औषधांची दुकाने आणि बँका दिसतात. ‘बस्तानी’ २००४ साली बंद झाले. ज्या स्वस्त बैठकीबद्दल आपण गहिवरतो, तिचा खर्च इराण्याने सोसला होता.

उलट २०१० साली लंडनमध्ये इराणी कॅफेच्या धर्तीवर एक उपाहारगृह निघाले आणि त्याच्या शाखा वाढत गेल्या. पानगृहांच्या देशाने आमचा इराणी उसना न्यावा, ही गंमत खरीच. परंतु पाटी, आरसे आणि खुर्च्या नेता येतात. कोणीही आत यावे अशी किंमत नेता येत नाही.

म्हणून पुढच्या आठवणीकारास एवढेच सांगावेसे वाटते की, त्याने मस्क्याची चव जरूर वर्णावी. परंतु त्या टेबलाशी आपल्या शेजारी कोण बसले होते, आणि तसा माणूस आपल्या घरी पाटावर कधी बसला होता काय, हेही लिहावे. आजही नव्या इमारतीत भाड्याने घर पाहावयास गेलेल्या माणसाला पहिला प्रश्न आडनावाचाच येतो. तो प्रश्न न विचारता खुर्ची पुढे करणारी जागा आपल्या उपनगरांत आज कोणती आहे, याचा शोध घेतल्याखेरीज इराण्याचे स्मरण पुरे झाले असे म्हणता येणार नाही.