तळातून वाचलेला धावफलक

जवाहरनगरच्या आमच्या क्वार्टरमधल्या लोखंडी कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. वहीचं रेघी पान, त्यावर पेन्सिलीनं उतरवलेला धावफलक. डिसेंबर 2017, रणजी करंडकाचा उपांत्य सामना, कोलकात्याचं ईडन गार्डन्स. विदर्भ 185 आणि 313. कर्नाटक 301 आणि 192. विदर्भ 5 धावांनी विजयी. कपडे काढताना रोज नजर जाते आणि हा कागद अजून जुना वाटत नाही. कवितेसारखा तो पुन्हापुन्हा वाचता येतो, म्हणून त्याचं रसग्रहण करावंसं वाटलं.

आधी पार्श्वभूमी. विदर्भ 1957-58 पासून रणजी खेळत होता. साठ वर्षांत एकदाही अंतिम फेरी नाही. भंडारा, गोंदिया, नागपूरकडच्या माणसांना रणजी म्हणजे मुंबईचा करंडक, हे जणू पाठच होतं. फैज फझल कर्णधार आणि चंद्रकांत पंडित प्रशिक्षक असलेला हा संघ समोर उभा राहिला तो कर्नाटकसारख्या मातब्बर संघापुढे.

धावफलक वाचताना डोळा आधी मोठ्या आकड्याकडे धावतो. इथे तो आकडा आहे करुण नायर, 153. कर्नाटकाच्या 301 पैकी निम्म्याहून अधिक धावा एकट्याच्या. विदर्भाच्या 185 ला उत्तर देताना या खेळीनं 116 धावांची आघाडी मिळवून दिली. दुसरा मोठा आकडा गोलंदाजीत आहे. रजनीश गुरबानी, पहिल्या डावात 94 धावांत 5 बळी, दुसऱ्यात 68 धावांत 7. वीसपैकी बारा बळी एकाचे. सामन्याची गोष्ट सांगणारे बहुतेक जण या दोन नावांपाशी थांबतात.

मी मात्र हा कागद खालून वर वाचतो. विदर्भाच्या पहिल्या डावात खालच्या फळीत एक ओळ आहे : आदित्य सरवटे 47. ती पुसली तर 185 चे 138 होतात. दुसऱ्या डावात पुन्हा तेच नाव, 55. त्याच्या आसपास अपूर्व वानखडेचे 49. शतक नाही, अपूर्वला तर अर्धशतकही एका धावेनं हुकलं. पण 116 ची पिछाडी फेडून कर्नाटकापुढे 198 चं लक्ष्य उभं राहिलं ते अशा धावांतून. गुरबानीला राखायला काही उरलं, कारण कुणीतरी आधी ते जमवून ठेवलं होतं.

याच डावात गणेश सतीशच्या नावापुढे 81 आहे. सतीश पूर्वी कर्नाटकाकडून रणजी खेळलेला. आपल्याच जुन्या संघाविरुद्ध केलेल्या त्या 81 धावा. धावफलकाला हे सांगता येत नाही, त्याला फक्त आकडा ठाऊक असतो. नावामागचा माणूस वाचकानं स्वतः शोधायचा असतो.

आता शेवटचा डाव. चौथ्या दिवसाअखेर कर्नाटक 7 बाद 111. हव्या होत्या 87 धावा, हाती तीन गडी. रसिकानं थांबून वाचावी अशी जागा ही आहे, कारण कर्नाटकाचं खरं धैर्यही तळातच दिसतं. विनय कुमार 36, अभिमन्यू मिथुन 33, श्रेयस गोपाल नाबाद 24. मिळून 93, म्हणजे 192 च्या जवळजवळ निम्म्या. पाचव्या दिवशी शेवटच्या तीन जोड्यांनी आणखी 81 धावा जोडल्या. 87 मधून 81 वजा करा, लक्ष्य सहा धावा दूर राहिलं. शेवटचे तिन्ही बळी गुरबानीचे.

त्या कागदावर मला सर्वांत जड वाटणारा शब्द ‘नाबाद’ आहे. एरवी तो मानाचा. इथे गोपालच्या नावापुढे तो एकटा पडला आहे. त्याला कुणी बाद करू शकलं नाही आणि तरी सगळं संपलं. दुसऱ्या टोकाला उभं राहून त्यानं शेवटचा गडी जाताना पाहिला. विजयाचा आनंद पूर्ण घ्यायचा असेल तर समोरच्याची ही ओळही तितक्याच आदरानं वाचायला हवी.

असा कागद एकट्या क्रिकेटचा नाही. 22 नोव्हेंबर 1950 रोजी अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये फोर्ट वेन पिस्टन्सनं मिनियापोलिस लेकर्सला 19-18 असं हरवलं. एनबीएतला सर्वांत कमी गुणांचा तो सामना. लेकर्सच्या 18 पैकी 15 गुण जॉर्ज मायकनचे, संघाचे चारही फील्ड गोल त्याचेच. बाकी सगळ्यांचे मिळून तीन. मायकनचे 15 वाचताना मला नायरचे 153 आठवतात. चुरशीच्या सामन्यात सर्वांत मोठा आकडा पराभूताच्या रकान्यात सापडू शकतो. एका धावेनं किंवा एका गुणानं निकाल लागतो तेव्हा लहान आकड्यांचं वजन वाढतं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. इंदूरच्या अंतिम सामन्यात गुरबानीनं हॅट्‌ट्रिक घेतली, दिल्ली हरली आणि 1 जानेवारी 2018 रोजी करंडक पहिल्यांदा विदर्भात आला. 2019 मध्ये पुन्हा आला, 2025 मध्ये तिसऱ्यांदा. त्या तिसऱ्या वेळी नागपूरजवळच्या जामठ्याला अंतिम सामन्यात केरळविरुद्ध दुसऱ्या डावात 135 धावा करणारा विदर्भाचा फलंदाज होता करुण नायर. आणि केरळच्या संघात होता आदित्य सरवटे. कपाटातल्या कागदावरची दोन नावं बाजू बदलून पुन्हा समोरासमोर आली.

आमच्या वसाहतीच्या मैदानावर संध्याकाळी पोरं खेळतात. आठव्या नंबरवर पाठवलं की तोंड पाडून बसणारं एखादं पोरगं असतंच. त्याला मी तो कागद दाखवतो आणि सरवटेच्या 47 वर बोट ठेवतो. तुम्हीही पुढच्या वेळी धावफलक हाती घ्याल तेव्हा एकदा तळातून वर वाचून बघा. ते 47 नसते, तर 5 धावांनी जिंकायला विदर्भाकडे काही उरलंच नसतं.