बेहड्याची फळे आणि बावन्न पाने : द्यूतविषयक ग्रंथांचा एक चिकित्सक विचार

प्रस्तावना

भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यांच्या डोंगरउतारांवर हिरड्याच्या सोबतीने बेहडा हा वृक्ष आढळतो. त्रिफळा चूर्णातील एक फळ या वृक्षाचे, एवढीच त्याची ओळख आज बहुतेकांना आहे. वैदिक काळी मात्र याच फळांचे फासे करून द्यूत खेळले जाई. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात जुगाऱ्याला भुरळ घालणारे फासे याच झाडापासून जन्मलेले आहेत, आणि सूक्ताच्या शेवटाकडे त्या जुगाऱ्याला दिलेला उपदेश शेती करण्याचा आहे. पावसाच्या भरवशावर भाताची खाचरे लावणाऱ्या मावळातील शेतकऱ्याने हा उपदेश ऐकला असता, तर एक जुगार सोडून दुसरा धरण्यास सांगणारा हा सल्लागार कोण, असे त्याने खचितच विचारले असते.

द्यूत हा विषय मराठी समीक्षेत सहसा ‘व्यसन’ या शीर्षकाखाली येतो आणि तेथेच संपतो. दुसऱ्या बाजूस, इंग्रजीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोकर या पत्त्यांच्या खेळावर डावपेचांची आणि अनुभवकथनाची ग्रंथसंपदा उभी राहिली. तिच्याकडे आपल्याकडील अभ्यासक व्यापारी वाङ्मय म्हणून पाहतात. या दोन परंपरा शेजारी ठेवून, त्यांपैकी कोणती परंपरा खेळ अधिक समजून घेते, हे तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. उत्तर वाटते तितके एकतर्फी नाही.

मराठीच्या उंबरठ्यावरील जुगारी

मराठीतील आद्य गद्यचरित्र मानल्या गेलेल्या म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’च्या आरंभभागातच द्यूत आहे, ही बाब पुरेशी लक्षात घेतली जात नाही. भडोचच्या प्रधानाचा पुत्र हरपाळदेव द्यूतात हरतो. देणे भागवण्यासाठी तो पत्नी कमळाइसेकडे तिचे दागिने मागतो आणि ती नकार देते. या नकाराने त्याच्या मनात जे विरक्तीचे बीज पडते, त्यातून पुढे तो घर सोडतो आणि श्रीचक्रधर या रूपाने महाराष्ट्रात येतो. पंथीय दृष्टीने ही लीळा होय, आणि त्या दृष्टीचा आदर राखूनही वाङ्मयाच्या अभ्यासकाला येथे एक निश्चित रचना दिसते. हरण्याचे पर्यवसान वैराग्यात होते. डाव कसा हरला, समोर कोण होते, कितव्या फेरीत माघार घेता आली असती, याविषयी कथनाला कुतूहल नाही.

हीच रचना शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त दिसते. गोविंद बल्लाळ देवलांच्या संगीत नाटकामुळे हे कथानक मराठी प्रेक्षकांच्या परिचयाचे झाले. मूळ नाटकाच्या दुसऱ्या अंकात दहा सुवर्ण हरलेला संवाहक पळून जाऊन एका ओस देवळात मूर्ती बनून उभा राहतो. पाठलाग करणारे दोघे त्याला ओळखतात की नाही, हे बाजूला राहो. ते त्याच्यासमोरच डाव मांडतात, आणि फाशांचा आवाज ऐकून या ‘मूर्ती’ला राहवत नाही. जुगाराच्या ओढीचे याहून नेमके चित्रण पुढील वाङ्मयात क्वचितच आढळेल. वसंतसेना आपले कंकण देऊन त्याला सोडवते आणि तो बौद्ध भिक्षू होतो. येथेही हार आणि संन्यास यांची जोडी कायम आहे.

याच नाटकातील दुसरा प्रसंग अधिक मार्मिक आहे. ठेवीचे अलंकार चोरीस गेल्यावर चारुदत्त वसंतसेनेला निरोप धाडतो तो असा की, ते आपण आपलेच समजून द्यूतात हरलो. चोरीवर कोणी विश्वास ठेवणार नाही, द्यूतावर ठेवील, हा त्याचा हिशोब आहे. म्हणजे त्या समाजात दरिद्री झालेल्या सज्जनाला जुगारी म्हणवून घेणे चालत होते, विश्वासघातकी म्हणवून घेणे चालत नव्हते. ‘व्यसन’ या एका शब्दात हा सारा व्यवहार बसत नाही.

ज्ञानदेवांनी तर या प्रश्नाच्या मुळाशीच हात घातला आहे. गीतेच्या दहाव्या अध्यायात छळ करणाऱ्यांतील द्यूत हे भगवंताच्या विभूतींत गणले आहे. त्यावर भाष्य करताना ज्ञानदेव सुचवतात की, ही भर चव्हाट्यावरची चोरी आहे, तरी कोणालाही ती अडवता येत नाही. ती का अडवता येत नाही? कारण लुटला जाणारा स्वतःच्या संमतीने बसलेला असतो. द्यूताला चोरीपासून वेगळे करणारी गोष्ट संमती ही होय, हे तत्त्व १२९० मधील या ग्रंथात एका ओवीत आले आहे.

टेबलावरील पैसा आणि द्रौपदीचा प्रश्न

पोकरवरील ग्रंथांत तीन प्रकार दिसतात. पहिला डावपेचांचा. डॉयल ब्रन्सन यांचा ‘सुपर/सिस्टिम’ (१९७९) हा अनेक व्यावसायिक खेळाडूंच्या सहकार्याने सिद्ध झालेला जाडजूड ग्रंथ या प्रकारातील अग्रणी मानला जातो. त्याची भाषा ओबडधोबड आणि आक्रमक आहे. विवेचनाच्या दृष्टीने डेव्हिड स्क्लान्स्की यांचा ‘द थिअरी ऑफ पोकर’ निर्विवाद सरस ठरतो. त्यातील मध्यवर्ती सिद्धान्त असा की, प्रतिस्पर्ध्याची पाने दिसत असती तर आपण जसे खेळलो असतो, त्याहून वेगळे खेळण्याची प्रत्येक वेळ ही प्रतिस्पर्ध्याचा लाभ होय. चूक ही निकालावरून न ठरवता निर्णयावरून ठरवावी, ही शिकवण त्यातून निघते. योग्य निर्णय घेऊन हरणे आणि चुकीचा निर्णय घेऊन जिंकणे, या दोन्ही घटना या ग्रंथाच्या वाचकाला परिचित होतात.

एक साधे उदाहरण घेता येईल. मध्ये १०० रुपये जमले आहेत आणि खेळात राहण्यासाठी २५ रुपये टाकावे लागणार आहेत. तेव्हा एकूण रक्कम १२५ होईल, म्हणजे जिंकण्याची शक्यता २० टक्क्यांहून अधिक असेल तरच हे २५ रुपये टाकणे हिशोबात बसते. तीन पत्तीला हेच लावून पाहावे. बावन्न पानांतून तीन पाने २२,१०० प्रकारे येऊ शकतात. त्यांपैकी तिन्ही समान पाने येण्याचे प्रकार ५२, म्हणजे ४२५ डावांत एकदा. उलट १६,४४० प्रकारांत, म्हणजे जवळजवळ चार डावांपैकी तीन डावांत, हातात जोडीदेखील नसते. दिवाळीच्या रात्री न पाहता ‘चाल’ करणाऱ्याचे धाडस या आकड्यावर उभे असते; समोरच्याच्या हातीही बहुधा काहीच नाही, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते.

दुसरा प्रकार खेळाच्या संस्कृतीचा. कवी व समीक्षक ए. अल्वारेझ यांचे ‘द बिगेस्ट गेम इन टाउन’ (१९८३) हे लास व्हेगासमधील १९८१ च्या स्पर्धेवरील पुस्तक वाङ्मयीन गुणांत आजही अग्रस्थानी ठेवावे लागेल. आत्महत्येवर ग्रंथ लिहिलेल्या लेखकाला, पैशाला पैसा न मानणारी ही माणसे का आकर्षक वाटली असतील, हे वाचताना उमगत जाते. खेळाडूंच्या दृष्टीने चिपा ही केवळ हत्यारे असतात, त्यांची किंमत आठवली की हात थरथरतो, हे त्याचे निरीक्षण मोलाचे आहे. तिसरा प्रकार सहभागी वार्ताहराचा. जेम्स मॅकमॅनस २००० साली एका नियतकालिकासाठी वार्तांकन करण्यास गेले आणि त्याच स्पर्धेत खेळून पाचवे आले. ‘पॉझिटिव्हली फिफ्थ स्ट्रीट’ (२००३) हे त्याचे फलित. ते रंजक आहे, मात्र आत्मगौरवाचा सूर जागोजाग खटकतो.

या ग्रंथांतील एक नियम महाभारताच्या वाचनाला अनपेक्षित प्रकाश देतो. पोकरमध्ये डाव सुरू होताना टेबलावर जे आहे तेवढेच पणाला लावता येते. मध्येच खिशातून, घरातून काही आणता येत नाही. सभापर्वातील द्यूतात नेमका हाच नियम नाही. युधिष्ठिर धन, दास, हत्ती, मग नकुल, सहदेव, अर्जुन, भीम, स्वतः आणि शेवटी द्रौपदी असे पण वाढवत जातो. हरलेले परत मिळवण्यासाठी अधिक मोठा पण लावण्याच्या या अवस्थेला पोकरच्या बोलीत ‘टिल्ट’ म्हणतात. शिवाय फासे शकुनी टाकतो आणि पण दुर्योधनाचा असतो. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये द्रौपदीचा सभेतील प्रश्न ही तिची मोठी चूक मानली आहे. धर्माच्या चर्चेत ते मत विचारार्ह आहे, परंतु खेळाच्या दृष्टीने पाहता, स्वतःला हरलेल्याच्या मालकीचे काय उरते हा त्या सभेतील एकमेव नियमविषयक प्रश्न होता. तो विचारणारी व्यक्ती खेळात नव्हती, पणात होती. ज्ञानदेवांची संमतीची कसोटी येथे लावली असता हे द्यूत पुन्हा चोरीच्या बाजूस जाऊन पडते.

चार्टचे वाङ्मय

मराठी प्रदेशात डावपेचांचे लेखन मुळीच नव्हते असे म्हणता येत नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावांवर लागणाऱ्या आकड्यांतून मुंबईचा मटका निघाला. १९६० च्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री या नावांभोवती तो वाढला आणि गिरणगावापासून तालुक्याच्या बाजारपेठांपर्यंत पोहोचला. त्याच्याबरोबर जुन्या आकड्यांचे चार्ट आले. गेल्या आठवड्यांतील ओपन-क्लोज पाहून उद्याचा आकडा काढण्याची ही विद्या म्हणजे मराठीतील जुगाराचे सर्वाधिक वाचले गेलेले साहित्य म्हणावे लागेल, आणि ते मुळातच चुकीचे आहे. पाने प्रामाणिकपणे काढली जात असतील तर काल आलेल्या आकड्याचा उद्याशी संबंध नाही. प्रामाणिकपणे काढली जात नसतील तर चार्टाला अर्थच नाही. एकेरी आकड्याला साधारणपणे नऊपट देण्याचा प्रघात धरला, तर दहात एक शक्यतेच्या या खेळात प्रत्येक रुपयामागे सरासरी दहा पैसे जातात. स्क्लान्स्कीचा ग्रंथ आणि मटक्याचा चार्ट यांतील भेद येथे स्पष्ट होतो. पहिला वाचकाला उठून जाण्याची वेळ सांगतो, दुसरा त्याला उद्या पुन्हा बोलावतो.

कायद्यानेही हा भेद दीर्घकाळ मानला. मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला (१९५७) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अक्षसूक्त व महाभारताचा दाखला देत जुगाराला व्यापाराचे संरक्षण नाकारले, तर १९६७ मध्ये रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ मानले. भ्रमणध्वनीवरील रमी व पोकरच्या कंपन्या याच ‘कौशल्या’च्या आधारावर उभ्या राहिल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने, पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांपुरता, कौशल्य आणि नशीब हा भेदच बाजूला ठेवला.

ऋतुपर्णाचे झाड

कौशल्य ही कल्पना परकी नाही, हे वनपर्वातील नलोपाख्यान दाखवते. ऋतुपर्ण राजा धावत्या रथातून बेहड्याच्या एका झाडाकडे पाहून त्यावरील पानाफळांची संख्या सांगतो. नल ती मोजून पाहतो आणि ती बरोबर निघते. ही विद्या म्हणजे अक्षहृदय. संभाव्यतेच्या इतिहासकारांनी, विशेषतः इयन हॅकिंग यांनी १९७५ च्या आपल्या ग्रंथात, या कथेची आवर्जून दखल घेतली आहे. मराठीत मात्र रघुनाथ पंडितांच्या आख्यानामुळे लोकांच्या स्मरणात राहिला तो हंस आणि ते स्वयंवर. मोजणीचे झाड मागे पडले.

अक्षहृदय मिळताच नलाच्या देहातून कली बाहेर पडतो आणि त्याच बेहड्याच्या झाडात शिरतो. कथा येथे थांबली असती तर डावपेचांच्या ग्रंथांना याहून मोठे प्रशस्तिपत्र नव्हते. परंतु ती पुढे जाते. राज्य हरण्याच्या वेळी, आता दमयंती पणाला लाव, असे पुष्कराने सुचवले असता नलाने ते केले नव्हते. तेव्हा तो अज्ञानी होता आणि कलीने ग्रासलेला होता. विद्या प्राप्त करून, कलीमुक्त होऊन तो पुष्कराकडे परततो तेव्हा आपल्या साऱ्या धनाबरोबर दमयंतीही पणाला लावतो. आणि एकाच डावात तो जिंकतो.