कुशल मनुष्यबळाचे देशांतर आणि संगणकीय सदृशीकरण

कुशल माणसे स्वदेश का सोडतात, या प्रश्नाला वेतनातील तफावत हे उत्तर पुरे पडत नाही. तफावत तीच असता काही जातात, काही राहतात. हा भेद उलगडण्यासाठी संगणकीय सदृशीकरणाचा अवलंब होऊ लागला. संगणकात कल्पित व्यक्ती निर्माण करावयाच्या, प्रत्येकीला उत्पन्न, आप्तसंबंध व निर्णयाचे नियम द्यावयाचे, आणि त्यांच्या परस्परक्रियेतून समाजाचे कोणते चित्र उमटते ते पाहावयाचे, असे या पद्धतीचे स्वरूप आहे. सौम्य वैयक्तिक पसंतींतूनही वस्तीचे तीव्र विभाजन उद्भवते, हे टॉमस शेलिंग यांनी १९७१ साली दाखविले. त्याच दृष्टीचा हा विस्तार होय.

या पद्धतीचे सामर्थ्य फिलिपिन्समधील परिचारिकांच्या उदाहरणात स्पष्ट होते. चालू शतकाच्या आरंभी परदेशांतील मागणी पाहून तेथे परिचर्या महाविद्यालयांचे पेव फुटले. डॉक्टरदेखील परिचारिकेची पदवी घेऊ लागले. परंतु अभ्यासक्रम चार वर्षांचा. २००६ नंतर अमेरिकेचे व्हिसा दुर्मिळ झाले आणि अनेक पदवीधर देशातच बेकार राहिले. अनुकरण आणि कालविलंब यांचा असा संयोग स्थिर समतोलाच्या समीकरणांतून निसटतो. सदृशीकरणात तो टप्प्याटप्प्याने पाहता येतो.

तथापि येथेच दोन आक्षेप उपस्थित होतात. पहिला असा की, अनुकरणाच्या नियमातून निघणारा आलेख कर्ज व दलाल यांच्या नियमातूनही निघू शकतो. आलेख जुळला म्हणजे कारण सापडले असे नव्हे. या पद्धतीचे पुरस्कर्ते जोशुआ एप्स्टाइन यांनाही हे मान्य आहे.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. अशा प्रतिमानांत बहुधा स्थलांतरित व्यक्तीच तेवढी निर्णय घेते. शासन मात्र पावसापाण्यासारखे बाह्य परिस्थिती म्हणून राहते. वस्तुतः फिलिपिन्सने १९७४ च्या कामगार संहितेद्वारे परदेशी रोजगाराची शासकीय यंत्रणा उभारली, तर २०२० साली महासाथीत आरोग्यसेवकांचे परदेशगमन प्रथम स्थगित केले व नंतर वर्षाला ५,००० इतके मर्यादित केले. शासन हेही परिस्थितीनुसार धोरण बदलणारा एक कर्ताच आहे. त्याला वगळले की देशाच्या हानीचा सारा भार नकळत परिचारिकेच्या माथी येतो.

म्हणून सदृशीकरणाची कसोटी आलेखाच्या जुळणीत नाही. परस्परविरोधी नियम एकाच सामग्रीवर पारखले गेले काय, आणि निर्णय घेणाऱ्या सर्वांना प्रतिमानात स्थान मिळाले काय, हे तपासल्यावाचून त्याचे निष्कर्ष धोरणाचा आधार होऊ शकत नाहीत.