उस्ताद मन्सूर : निसर्ग, दरबार आणि नजर

निसर्गापासून प्रेरणा घेणारा कलावंत म्हटला की डोंगर, पाऊस आणि चांदण्यात हरवलेला माणूस आपल्या डोळ्यांसमोर येतो. जहांगीरच्या दरबारातला चित्रकार उस्ताद मन्सूर या चौकटीत बसत नाही. त्याच्याविषयी म्हणूनच दोन सोपी मते रूढ झाली आहेत. पहिले असे की, बादशहा निसर्गप्रेमी होता आणि मन्सूर त्या प्रेमाचा चितारी. दुसरे असे की, त्याची चित्रे म्हणजे निव्वळ शास्त्रीय नोंदी. त्यांत कलावंताचे मन शोधू नये.

पहिल्या मताला खुद्द जहांगीरचे आत्मचरित्रच छेद देते. आपण पाळलेल्या सारसांच्या जोडीला तो लैला-मजनू म्हणतो, ती अंडी कशी उबवतात हे बारकाईने लिहितो. त्याच ग्रंथात, वयाच्या पन्नाशीपर्यंत आपल्यासमोर २८,५३२ जनावरांची शिकार झाली व त्यांपैकी १७,१६७ आपण स्वतः मारली, असा हिशेबही मांडतो. याला भाबडे निसर्गप्रेम म्हणता येणार नाही. यात कुतूहल आहे आणि मालकीही आहे.

मन्सूरला निसर्ग बहुधा या मालकीच्या आवारातच भेटला. १६१२ मध्ये मुकर्रबखानाने गोव्याहून आणलेल्या नवलाईच्या जिनसांत टर्की कोंबडा होता. त्याच्या डोक्याचे रंग क्षणाक्षणाला कसे पालटतात याचे बादशहाला मोठे नवल वाटले. लेखणी हे पालटणे सांगू शकते; कुंचल्याला मात्र एकच क्षण निवडावा लागतो. मन्सूरने ही अडचण चमत्कृतीने लपवली नाही. त्याने पक्षी स्थिर उभा केला आणि पिसांच्या थरांवर सारी मेहनत खर्ची घातली.

१६२१ चा झेब्रा याहून बोलका आहे. हे पट्टे कोणी रंगवले तर नाहीत ना, अशी शंका दरबारात निघाली होती. अशा विषयात चित्रकार सहज नक्षीकामात घसरतो. मन्सूरचे पट्टे मात्र अंगाच्या गोलाईबरोबर वळतात. शिवाय त्याने जनावराला बांधलेली दोरी चित्रातून काढून टाकलेली नाही. मोकळ्या माळावरचा झेब्रा कल्पून रंगवणे त्याला अवघड नव्हते. पण त्याने जे पाहिले तेच काढले. बादशहाची नवलाई आणि जनावराची कैद एकाच कागदावर आली. मन्सूरचा तसा हेतू होता असा दावा मी करणार नाही. पण प्रामाणिक नजर हेतूपलीकडचेही टिपते.

१६२० मध्ये तो बादशहाबरोबर काश्मिरात गेला. तिथल्या शंभराहून अधिक फुलांची चित्रे त्याने काढल्याचे जहांगीर नोंदवतो. त्यांतली फारच थोडी उरली. लाल ट्युलिपचे प्रसिद्ध चित्र अलीगढला आहे. कोऱ्या पार्श्वभूमीवर एकच रोप मांडण्याच्या या रीतीवर युरोपियन वनस्पतिग्रंथांचा प्रभाव अभ्यासकांनी दाखवला आहे. त्याने मन्सूर उणा ठरत नाही. मांडणी उसनी घेता येते. पाहणे मात्र ज्याचे त्यालाच करावे लागते.

सजीवांची चित्रे काढण्याला धर्माच्या नावाने होणारा विरोध मन्सूरच्या काळातही होता. त्यावर अकबराचे उत्तर अबुल फजलने नोंदवून ठेवले आहे. त्याचा आशय असा : चित्रकार एकेक अवयव रेखाटतो, पण त्यात प्राण ओतू शकत नाही, म्हणूनच त्याला खऱ्या निर्मात्याची आठवण होते. मन्सूरच्या चित्रांत ही नम्रता दिसते. तो निसर्गावर आपली भावना लादत नाही.

म्हणूनच ‘निव्वळ नोंद’ हे दुसरे मतही अपुरे आहे. कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये त्याने काढलेला सायबेरियन क्रौंच आहे. युरोपियन शास्त्रज्ञ पल्लासने या पक्ष्याचे वर्णन १७७३ मध्ये केले, मन्सूरनंतर सुमारे दीडशे वर्षांनी. भरतपूरच्या पाणथळीवर २००२ नंतर तो आलेला नाही. पक्षी येत होता तोवर ते चित्र नोंद म्हणून वाचता येत होते. आज त्यासमोर उभे राहिल्यावर, काय गमावले हे पिसापिसाने कळते. हे काम निव्वळ नोंदवहीला साधत नाही.