सागरविमान आणि आभासी किनारा

‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’ या संगणकीय उड्डाणप्रतिरूपाच्या २०२२ च्या आवृत्तीत ग्रमन गूस हे १९३७ साली प्रथम उडालेले उभयचर विमान समाविष्ट झाले. त्यातून आग्नेय अलास्काचा किनारा पाहताना प्रतीतीस येणारे सौंदर्य नाकारता येत नाही. परंतु ते उपग्रहचित्राचे, म्हणजे एका क्षणी गोठलेल्या किनाऱ्याचे सौंदर्य होय. प्रत्यक्षात जूनो येथे भरती-ओहोटीच्या पातळ्यांत सरासरी सुमारे ५ मीटर अंतर पडते. सकाळी उतरण्याजोगी वाटलेली खाडी दुपारी खडक उघडे टाकते. सागरविमानाच्या चालकास किनारा हा देखावा नसून प्रत्येक वेळी नव्याने वाचावयाची संहिता असते. प्रतिरूपाने विमान जपले. ही वाचनविद्या मात्र त्यात पुरती उतरली नाही. अनुकृतीचे मूल्यमापन केवळ सादृश्यावरून करू नये, ते याचकरिता.