धूसर कड्याखालची नागमोडी रेघ

एम-87 दीर्घिकेच्या केंद्रातील कृष्णविवराची पहिली प्रतिमा 10 एप्रिल 2019 रोजी जगाने पाहिली : धूसर, जाडसर, नारिंगी कडे. 2023 मध्ये लिया मेडेइरोस व सहकाऱ्यांनी ‘प्रिमो’ या यंत्र-शिक्षण पद्धतीने तीच प्रतिमा नव्याने काढली. कड्याची जाडी निम्म्यावर आली, मधला काळोख गडद झाला. नवे निरीक्षण मात्र एकही नव्हते. मोजमापे 2017 चीच. मग हा रेखीवपणा आला कुठून?

खोडदच्या जीएमआरटीत 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात पसरून एकाच मोठ्या दुर्बिणीचे काम करतात. ‘इव्हेंट होरायझन टेलिस्कोप’ने हेच तत्त्व पृथ्वीभर ताणले. पण दुर्बिणी मोजक्याच ठिकाणी असल्याने पृथ्वीएवढी ती तबकडी बहुतांशी रिकामीच राहिली. प्रिमो ही पोकळी भरते. कृष्णविवरात पडणाऱ्या वायूच्या 30 हजारांहून अधिक संगणकीय प्रतिरूपांतून ती वारंवार आढळणारी रचना शिकते आणि मूळ मोजमापांशी जुळेल असे त्यांचे मिश्रण शोधते.

आपल्याकडच्या पोथी-अभ्यासकाला हा पेच नवा नाही. कसरीने खाल्लेली अक्षरे इतर प्रतींवरून भरता येतात. पण भांडारकर संस्थेच्या, 1966 मध्ये पूर्ण झालेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत ज्या पाठाची पुरती खात्री नव्हती, त्याखाली संपादकांनी नागमोडी रेघ ओढली. नाकारलेले पाठही तळटीपांत जपले. पारखण्याचा हक्क वाचकाकडे राहिला. इतिहासाचार्य राजवाड्यांचा अस्सल कागदांचा आग्रह आम्हा धुळे जिल्ह्यातल्या अभ्यासकांना ठाऊक आहे. त्याचे मर्मही हेच.

शिवाय इथे एक मूलभूत फरक आहे. पोथीच्या इतर प्रती त्याच ग्रंथाच्या असतात. प्रिमोची प्रतिरूपे एम-87 च्या प्रती नव्हेत. ती आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद गृहीत धरून रचलेली आहेत. म्हणून कड्याच्या रेखीवपणाला त्याच सिद्धान्ताचा स्वतंत्र साक्षीदार मानता येत नाही. घरच्याच माणसाची ती साक्ष.

याचा अर्थ प्रतिमा खोटी आहे, असा नव्हे. कड्याचा व्यास जुन्या-नव्या दोन्ही प्रतिमांत जवळपास सारखाच आहे. 2018 च्या वेगळ्या निरीक्षणांतूनही, ग्रीनलँडच्या दुर्बिणीची भर पडल्यावर, तेवढेच कडे दिसले. फक्त त्याचा सर्वांत तेजस्वी भाग सरकलेला होता. ही मात्र खरी दुसरी प्रत.

व्यास पक्का, बारीकपणा संभाव्य, हा भेद शोधनिबंधात दिसतो. चित्र वर्तमानपत्रात आणि पाठ्यपुस्तकात शिरले की पुसला जातो. त्या चित्राखालीही एक नागमोडी रेघ हवी.